बरगडीवरचा एक ठिपका: प्रोस्टेट कर्करोगाच्या पेट स्कॅनवरील अनिश्चित अस्थिचिन्हांचा प्रकरण अभ्यास

प्रोस्टेट कर्करोगाचे नव्याने निदान झालेल्या पुरुषाच्या स्कॅन अहवालात हाडांविषयी एखादे अनिश्चित वाक्य आले, की पुढचे सगळे उपचार त्या वाक्याभोवती फिरू लागतात. रोग ग्रंथीपुरता असेल तर तो पूर्ण बरा करण्याच्या हेतूने शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करता येतात. तोच रोग हाडांत पोहोचला असेल तर मुख्य भर शरीरभर काम करणाऱ्या औषधांवर येतो आणि ती औषधे बहुधा वर्षानुवर्षे, अनेकदा आयुष्यभर चालू ठेवावी लागतात. या दोन वाटांमधले अंतर इतके मोठे असताना निर्णय कधीकधी चार-पाच मिलिमीटरच्या एका फिकट ठिपक्यावर येऊन ठेपतो. असा ठिपका कसा वाचावा, त्याच्यासाठी कोणत्या तपासण्या कराव्यात, कोणत्या टाळाव्यात आणि कोणता उपचार घाईने सुरू करू नये, हे एका रुग्णाच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. हा रुग्ण कोणी एक खरी व्यक्ती नाही. अशा रुग्णांमध्ये वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण रचले आहे.

रुग्ण आणि त्याचा रोग

रुग्णाचे वय ६६ वर्षे. लघवीचा किरकोळ त्रास सोडला तर तक्रार नव्हती. रक्तातील पीएसए (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते प्रथिन) ११.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आले आणि पुन्हा केलेल्या तपासणीत ते जवळपास तेवढेच राहिले. प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये डाव्या बाजूच्या बाह्य भागात १७ मिलिमीटरची गाठ दिसली आणि तिला पाय-रॅड्स ५, म्हणजे कर्करोगाची शक्यता सर्वाधिक असलेली श्रेणी दिली गेली. ग्रंथीचे आवरण त्या ठिकाणी किंचित फुगलेले होते, पण रोग आवरणाबाहेर गेल्याचा स्पष्ट पुरावा नव्हता. बायोप्सीत ग्लीसन ४+३, म्हणजे आक्रमकतेच्या पाच आयएसयूपी श्रेणींपैकी श्रेणी ३ चा कर्करोग सापडला. ही सर्व माहिती एकत्र धरली तर रोग मध्यम जोखमीच्या गटातील, मात्र त्या गटाच्या प्रतिकूल टोकाचा होता. हाडे दुखत नव्हती, वजन घटले नव्हते आणि रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज हे हाडांशी संबंधित एन्झाइम सामान्य होते. या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व देऊ नये, कारण हाडांतला प्रसार लहान असताना हे एन्झाइम बहुधा सामान्यच असते.

शस्त्रक्रियेचा विचार पक्का करण्याआधी पीएसएमए पेट-सीटी करण्यात आली. या तपासणीत पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ, म्हणजे ट्रेसर, शिरेतून देतात आणि तो शरीरात कोठे साठतो ते पाहतात. त्यासाठी फ्लोरिन-१८ लावलेला पीएसएमए-१००७ हा ट्रेसर वापरला होता. या प्रकरणात ट्रेसरचे नाव हा तांत्रिक तपशील म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुढे जे घडले त्यात त्याचा वाटा मोठा आहे.

स्कॅनवर काय दिसले

प्रोस्टेटमधील गाठीत ट्रेसर अपेक्षेप्रमाणे जोरात साठला होता आणि तेथे एसयूव्ही मॅक्स (ट्रेसर किती साठला हे सांगणारा आकडा) २१ होते. लसिका ग्रंथी स्वच्छ होत्या. हाडांमध्ये मात्र तीन गोष्टी नोंदवल्या गेल्या. उजव्या सहाव्या बरगडीच्या बाहेरच्या बाजूस एक लहान ठिपका होता, त्याचे एसयूव्ही मॅक्स ४.६ होते आणि सीटीवर त्या जागी हाडाची रचना बदललेली दिसत नव्हती. कमरेच्या चौथ्या मणक्याच्या वरच्या पुढच्या कडेला ५.१ इतका उठाव, म्हणजे ट्रेसरचा साठा होता आणि शेजारी झिजेची खूण होती. डाव्या नितंबाच्या हाडात ८ मिलिमीटरचा दाट पांढरा डाग होता, पण तेथे ट्रेसर अजिबात साठला नव्हता. अहवालाच्या निष्कर्षात या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात गुंफून ‘बहुविध अस्थिप्रसाराची शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहिले होते.

या वाक्यातील खरी अडचण ‘बहुविध’ या शब्दात नव्हती, ती तीन वेगळ्या प्रकारच्या चिन्हांची एक बेरीज करण्यात होती. एकात ट्रेसर आहे पण हाडात बदल नाही, दुसऱ्यात ट्रेसर आहे आणि शेजारी झिजेची खूण आहे, तिसऱ्यात हाडात बदल आहे पण ट्रेसर नाही. तीन दुबळे संशय एकत्र केल्याने एक बळकट संशय तयार होत नाही. प्रत्येक चिन्हाचे स्पष्टीकरण स्वतंत्र असू शकते, म्हणून तपासही स्वतंत्रच करावा लागतो.

पहिला सल्ला

अहवाल हातात आल्यावर रुग्णाला पहिला सल्ला मिळाला तो हार्मोन रोखणारे इंजेक्शन लगेच सुरू करण्याचा. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. रोग हाडांत असेल तर वेळ वाया जाऊ नये आणि नसेल तरी काही आठवड्यांच्या इंजेक्शनने फारसे बिघडत नाही, असा तो विचार होता. त्याच वेळी रेफरल चिठ्ठीवर ‘अस्थिप्रसार?’ असे लिहिले गेले, आणि पुढच्या कागदावर ते उतरवताना प्रश्नचिन्ह गळून गेले. आठवड्याभरात हा पुरुष कागदोपत्री चौथ्या टप्प्याचा रुग्ण झाला होता, जरी त्याच्या शरीराविषयी नवीन काहीही कळलेले नव्हते. असे प्रश्नचिन्ह एकदा गळले की ते परत आणणे फार कठीण जाते, कारण पुढचा प्रत्येक डॉक्टर आधीच्या निदानावरून सुरुवात करतो.

इंजेक्शन घेण्याआधी रुग्णाने दुसरे मत मागितले आणि प्रकरण ट्यूमर बोर्डापुढे आले. तेथे मूत्ररोग शल्यचिकित्सक, किरणोपचार तज्ज्ञ, वैद्यकीय कर्करोगतज्ज्ञ, रेडिओलॉजिस्ट आणि न्यूक्लिअर मेडिसिन तज्ज्ञ एकत्र बसले. पहिला ठराव असा झाला, की तिन्ही चिन्हांचा उलगडा होईपर्यंत हार्मोन उपचार सुरू करायचा नाही. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. त्याचे कारण सविस्तर सांगायला हवे.

हार्मोन उपचाराने टेस्टोस्टेरॉन खाली आले की पीएसएही खाली येते, मग कर्करोगाच्या पेशी ग्रंथीत असोत, हाडांत असोत किंवा दोन्हीकडे असोत. म्हणजे तीन महिन्यांनी पीएसए घसरलेले पाहून बरगडीतला ठिपका कर्करोगाचा होता की नव्हता, हे कोणालाही सांगता येणार नाही. शिवाय हा उपचार कर्करोगाच्या पेशींवरील पीएसएमए प्रथिनाचे प्रमाणही बदलतो. सुरुवातीला ते काही काळ वाढू शकते आणि उपचार दीर्घकाळ चालला की बहुधा घटते, त्यामुळे पुढच्या स्कॅनची आधीच्या स्कॅनशी सरळ तुलना होत नाही. औषध सुरू झाल्यावर प्रश्न सुटत नाही, तो झाकला जातो. मग रुग्ण उपचाराला प्रतिसाद देत आहे, असे सर्वांना वाटत राहते आणि ते उपचार थांबवण्याचे धैर्य कोणी करत नाही. अंगात गरम वाफा येणे, स्नायू घटणे, लैंगिक इच्छा जाणे, रक्तातील साखर आणि वजन वाढणे, हाडे ठिसूळ होणे हे सर्व परिणाम त्या पुरुषाने कदाचित नसलेल्या रोगासाठी सोसायचे. ठिसूळ झालेल्या हाडांत सूक्ष्म भंग झाले, तर तेही पुढच्या स्कॅनवर नवे ठिपके म्हणून उमटू शकतात.

पीएसएमए ठिपका म्हणजे कर्करोग नव्हे

पीएसएमए हे प्रथिन प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशींवर विपुल असते, पण ते फक्त त्यांच्यावरच असते असे नाही. नव्याने वाढणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ते आढळते. त्यामुळे भरून येणारा अस्थिभंग, सांध्यांची झीज, पॅजेट रोग, फायब्रस डिस्प्लेशिया, मणक्यातील हिमॅन्जिओमा अशा निरुपद्रवी स्थितींतही ट्रेसर साठू शकतो. पोटातील आणि मानेजवळील मज्जातंतूंच्या गँग्लिऑनमध्येही (मज्जापेशींच्या पुंजक्यांत) तो दिसतो आणि लसिका ग्रंथी समजून चूक होण्याची शक्यता तेथे असते, पण या रुग्णात तो प्रश्न नव्हता.

ट्रेसरनुसारही फरक पडतो. गॅलियम-६८ चे अर्धायुष्य साधारण ६८ मिनिटांचे, तर फ्लोरिन-१८ चे सुमारे ११० मिनिटांचे असते. फ्लोरिनचे ट्रेसर सायक्लोट्रॉन या कणत्वरक यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनवता येतात आणि दूरच्या केंद्रांपर्यंत पोहोचवता येतात. पीएसएमए-१००७ मुख्यतः यकृतावाटे बाहेर पडत असल्याने मूत्राशय फारसे उजळत नाही आणि प्रोस्टेटचा परिसर स्वच्छ दिसतो. हे त्याचे खरे फायदे आहेत. पण याच ट्रेसरबरोबर हाडांमध्ये, विशेषतः बरगड्यांत आणि त्याखालोखाल ओटीपोटाच्या हाडांत, निरर्थक फिकट ठिपके गॅलियमवर आधारित पीएसएमए-११ पेक्षा पुष्कळ जास्त दिसतात. दोन्ही ट्रेसरांची तुलना करणाऱ्या २०२० सालच्या एका अभ्यासात निरुपद्रवी कारणांमुळे दिसलेल्या उठावांची संख्या पीएसएमए-१००७ मध्ये सुमारे पाचपट होती. अधिक संवेदनशील डिजिटल पेट यंत्रांवर असे ठिपके आणखी ठळकपणे उमटतात.

येथे एक गफलत टाळायला हवी. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रोपीएसएमए चाचणीत जास्त जोखमीच्या सुमारे तीनशे पुरुषांमध्ये पीएसएमए पेट-सीटीची अचूकता ९२ टक्के, तर सीटी आणि बोन स्कॅन या जुन्या जोडीची ६५ टक्के आढळली. अनिर्णीत निष्कर्षांचे प्रमाणही जुन्या जोडीत २३ टक्के होते, ते पीएसएमए पेटमध्ये ७ टक्क्यांवर आले. हे आकडे खरे आहेत आणि पीएसएमए पेटने फार मोठी प्रगती केली यात शंका नाही. पण ती चाचणी गॅलियम-६८ पीएसएमए-११ वापरून केलेली होती. तो ७ टक्क्यांचा आकडा उचलून पीएसएमए-१००७ च्या बरगडीतल्या ठिपक्याला लावला, तर त्या ठिपक्याला त्याच्या लायकीपेक्षा अधिक वजन मिळते. पुष्कळ अहवालांमध्ये ट्रेसरचे नाव पहिल्या ओळीत असते आणि निष्कर्षापर्यंत येता येता ते विसरले जाते.

तीन चिन्हांचा स्वतंत्र तपास

नितंबाच्या हाडातील दाट डागाचा निकाल सर्वांत लवकर लागला. सहा वर्षांपूर्वी मूतखड्यासाठी केलेली सीटी रुग्णाने शोधून आणली. तोच डाग, त्याच आकाराचा, त्या चित्रांत होता. त्याच्या कडा आजूबाजूच्या हाडात काटेरी रेषांनी मिसळत होत्या आणि सरासरी घनता १,१०० हाउन्सफिल्ड एककांच्या (सीटीवरील घनतेचे माप) आसपास होती. उपचार न झालेला घट्ट अस्थिप्रसार आणि बोन आयलंड (हाडातला निरुपद्रवी दाट ठिपका) यांतील फरक ओळखण्यासाठी २०१६ च्या एका अभ्यासाने सरासरी ८८५ आणि कमाल १,०६० हाउन्सफिल्ड एकके या मर्यादा सुचवल्या आहेत. त्याहून दाट डाग बोन आयलंड असण्याकडे कल झुकतो. ही मर्यादा उपचारापूर्वीच उपयोगी आहे, कारण उपचाराने भरून येणारा प्रसारही दाट होतो. पण या रुग्णात घनतेपेक्षा सहा वर्षांचा अपरिवर्तित इतिहास अधिक बोलका होता. जुनी चित्रे मिळवण्यासाठी दोन फोन आणि एक फेरी लागते, आणि कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. तरीही ती मागवण्याचा विचार अनेकदा शेवटी सुचतो, याचे मला वाईट वाटते.

चौथ्या मणक्याच्या कडेवरील उठावासाठी कमरेचा एमआरआय केला. तिसऱ्या आणि चौथ्या मणक्यांमधली चकती झिजलेली होती आणि तिच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही समोरासमोरच्या कडांवर बदल दिसत होते. टी-१ या प्रकारच्या एमआरआय चित्रात, ज्यात चरबी उजळ दिसते, त्या जागा उजळ होत्या, म्हणजे तेथील अस्थिमज्जेत चरबी वाढलेली होती. कर्करोग मज्जेत शिरतो तेव्हा तो चरबीची जागा घेतो आणि टी-१ चित्रात ती जागा शेजारच्या चकतीपेक्षा किंवा स्नायूंपेक्षा काळी दिसते. शिवाय प्रसार बहुधा चकतीच्या पलीकडच्या मणक्यात तितक्याच सममितीने उमटत नाही. हा झिजेचा बदल होता, असे म्हणायला येथे जागा होती.

राहिली बरगडी, आणि तिचा उलगडा पूर्ण झाला नाही. रुग्णाला पूर्वी मार लागला होता का, असे विचारले असता सुमारे दीड वर्षापूर्वी टेबलाच्या कोपऱ्यावर उजवी बाजू आपटल्याचे त्याने सांगितले. त्या वेळी काही आठवडे दुखले, पण एक्स-रे काढला नव्हता. हा पुरावा हाताळताना सावध राहायला हवे, कारण साठीतल्या बहुतेक माणसांना नेमका प्रश्न विचारला की एखादी पडझड आठवतेच. सीटीची पातळ छेदांची चित्रे हाडांच्या विंडोमध्ये, बरगडीच्या लांबीच्या दिशेने पुन्हा रचून पाहिली. एका रेडिओलॉजिस्टला कवचात अगदी किंचित जाडी जाणवली, दुसऱ्याला ती मान्य नव्हती. बरगड्यांच्या एमआरआयचा आग्रह धरला नाही, कारण श्वासाच्या हालचालीमुळे त्यात लहान बदल अनेकदा धूसर होतात आणि अशा अर्धवट चित्रातून आणखी एक अनिश्चित अहवाल जन्माला आला असता.

पीएसएमए-रॅड्स या वर्गीकरणात हा ठिपका ३-बी या गटात बसतो, म्हणजे हाडातील अनिर्णीत उठाव. ही पद्धत २०१८ मध्ये मांडली गेली आणि तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तिचा फायदा असा, की ‘नाकारता येत नाही’ या मोघम शब्दांऐवजी अहवाल देणाऱ्याला आपला संशय किती आहे हे एका ठरावीक श्रेणीत लिहावे लागते, आणि वाचणाऱ्यालाही तो तेवढाच वाचावा लागतो. सुधारित अहवालात नितंबाच्या हाडातील डाग निरुपद्रवी, मणक्यातील उठाव बहुधा निरुपद्रवी आणि बरगडीतला ठिपका अनिर्णीत, असे तीन वेगळे निष्कर्ष तीन वेगळ्या वाक्यांत लिहिले गेले. त्याच दिवशी रुग्णाच्या फाइलमधील टप्प्याची नोंदही बदलण्यात आली.

शक्यता किती होती

एखाद्या ठिपक्याचा अर्थ त्याच्या उजळपणाइतकाच तो कोणाच्या शरीरात दिसला यावर ठरतो. हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहावा. या रुग्णासारखे शंभर पुरुष घेतले आणि त्यांपैकी पाच जणांच्या हाडांत खरा प्रसार आहे असे धरले. उरलेल्या ९५ पैकी ४० जणांच्या हाडांत या ट्रेसरमुळे निरुपद्रवी ठिपके दिसतात असेही धरले. आता ठिपका दिसलेले एकूण पुरुष ४५ झाले आणि त्यांत खरा प्रसार असलेले पाचच, म्हणजे नऊ जणांत एक. हे आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत, पण त्यांतून दिसणारी दिशा खरी आहे. पीएसए शंभरच्या वर असलेल्या आणि आयएसयूपी ५ श्रेणीचा रोग असलेल्या शंभर पुरुषांमध्ये खऱ्या प्रसाराचे प्रमाण कितीतरी जास्त असते, म्हणून तेथे तोच ठिपका वेगळे बोलतो.

या रुग्णाबाबत आणखी काही गोष्टी प्रसाराच्या विरोधात होत्या. प्रोस्टेटचा कर्करोग साधारणपणे कणा, ओटीपोट आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग येथे आधी पोहोचतो. एकट्या बरगडीत, बाकी कोठेही नसताना, तो दिसणे असामान्य आहे. मूळ गाठ २१ इतकी जोरात उजळत असताना तिच्यापासून निघालेली वसाहत ४.६ इतकी फिकी असणे अशक्य नाही, विशेषतः ती अगदी लहान असेल तर, पण संशय त्यामुळे कमी होतो. एसयूव्हीची एखादी ठाम मर्यादा मात्र आखू नये. हा आकडा यंत्र, इंजेक्शननंतरची वेळ आणि ठिपक्याचा आकार यांप्रमाणे बदलतो.

सुई घालायची की नाही

रुग्णाच्या पत्नीचे म्हणणे स्पष्ट होते. बरगडीतला तुकडा काढून तपासला तर संशय कायमचा मिटेल, मग तो का काढू नये? हा प्रश्न अगदी रास्त होता आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य झाले नसते. सीटीवर काहीच न दिसणाऱ्या चार-पाच मिलिमीटरच्या जागेत सुई नेमकी पोहोचवणे कठीण असते. पेटच्या मार्गदर्शनाने ते काही केंद्रांत करता येते. पण तुकड्यात कर्करोग सापडला नाही तर त्याचे दोन अर्थ निघतात: तेथे कर्करोग नाही, किंवा सुई चुकली. बरगडीच्या आत फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ असल्याने छातीत हवा शिरण्याचा धोकाही असतो. होकारार्थी निकाल निर्णायक ठरला असता. नकारार्थी निकालाची शक्यता मात्र खूपच जास्त होती आणि त्याने तिच्या मनातली शंका पुरती गेली नसती.

गॅलियम-६८ पीएसएमए-११ वापरून पुन्हा स्कॅन करावा, असे बोर्डातील एका तज्ज्ञांचे मत होते. पर्याय वाजवी होता. दुसऱ्या ट्रेसरमध्ये ठिपका नाहीसा झाला असता तर निरुपद्रवीपणाला बळ मिळाले असते. इतरांचे म्हणणे असे, की ठिपका मुळातच इतका लहान आणि फिका आहे की तो नाहीसा झाला काय किंवा फिका राहिला काय, शस्त्रक्रियेचा बेत बदलणार नाही. चर्चेअंती तो स्कॅन केला नाही. मूळ रोग अधिक जोखमीचा असता तर मी स्वतः त्या स्कॅनच्या बाजूने उभा राहिलो असतो.

दोन्ही बाजूंच्या चुकांची किंमत

रुग्णाने विचारलेला प्रश्न चर्चेला वळण देणारा ठरला: ‘डॉक्टर, ऑपरेशन केलं आणि तो ठिपका शेवटी कर्करोगाचाच निघाला, तर मी काय गमावलेलं असेल?’

त्याला दिलेले उत्तर असे होते. तो ठिपका निरुपद्रवी आहे याची कोणी हमी देऊ शकत नाही. तो कर्करोगाचा असला तर शस्त्रक्रियेनंतर पीएसए शून्याजवळ जाणार नाही किंवा लवकर वर येईल. मग त्या एका जागेवर नेमके किरणोपचार, हार्मोन उपचार किंवा दोन्ही तेव्हा सुरू करता येतील. गमावलेले असतील काही महिने, आणि शस्त्रक्रियेचे दुष्परिणाम, म्हणजे लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांवर होणारा परिणाम, अपेक्षेपेक्षा कमी फायद्यासाठी सोसलेले असतील. ही किंमत लहान नाही. पण उलट चूक झाली, म्हणजे निरुपद्रवी ठिपक्याला प्रसार ठरवले, तर पूर्ण बरे होण्याची संधीच हातातून निसटू शकते आणि दीर्घ हार्मोन उपचार माथी येतो. ती चूक पुढे कधी उघड होण्याचीही शक्यता कमी, कारण उपचार चालू असताना रुग्ण बराच दिसतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. हाडांत मोजका प्रसार असलेल्या रुग्णांतही प्रोस्टेटवर किरणोपचार केल्याने आयुर्मानात फायदा होतो, हे स्टॅम्पीड चाचणीच्या २०१८ च्या निष्कर्षांनी दाखवले आहे, त्यामुळे ‘प्रसार म्हणजे ग्रंथीवर उपचार नाही’ असा नियम राहिलेला नाही. पण त्या चाचणीतील प्रसार बोन स्कॅन आणि सीटीसारख्या जुन्या तपासण्यांवर दिसलेला होता. केवळ पीएसएमए पेटवर दिसणाऱ्या फिकट ठिपक्याला तोच दर्जा देऊन त्या चाचणीतील उपचार जसेच्या तसे लावणे, हा पुराव्याचा वापर ठरत नाही. त्या पुरुषांचा रोग आणि या पुरुषाचा ठिपका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शस्त्रक्रिया आणि नंतर

रुग्णाने शस्त्रक्रिया निवडली. या निवडीला निदानाच्या दृष्टीनेही अर्थ होता. पीएसएचे रक्तातील अर्धायुष्य दोन ते तीन दिवसांचे असते. पूर्ण ग्रंथी काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांत ते मोजता न येण्याइतके खाली यायला हवे. ते तसे आले, तर शरीरात अन्यत्र लक्षणीय प्रमाणात पीएसए बनवणारा कर्करोग नाही असे मानायला मोठा आधार मिळतो. हा पुरावा दोन्ही दिशांना सारखा काम करत नाही, हे आधीच सांगितले होते. पीएसए शिल्लक राहिले तर ते बरगडीतूनच येते असे सिद्ध होत नाही, ते लसिका ग्रंथींतून किंवा शस्त्रक्रियेच्या जागी उरलेल्या ऊतींतूनही येऊ शकते. पीएसए शून्याजवळ गेले, तरी अगदी सूक्ष्म रोग काही काळ लपून राहू शकतो, म्हणून एका तपासणीवर समाधान मानायचे नव्हते.

रुग्णाने किरणोपचार निवडले असते तर हा मार्ग इतका सरळ नव्हता. प्रतिकूल मध्यम जोखमीत किरणोपचारांबरोबर सहसा चार ते सहा महिने हार्मोन उपचार दिला जातो, ग्रंथी जागेवरच राहते आणि पीएसए अनेक महिन्यांत हळूहळू खाली येते. अशा रुग्णात बरगडीचा प्रश्न उपचारापूर्वीच दुसऱ्या ट्रेसरच्या स्कॅनने किंवा अन्य तपासणीने शक्य तितका सोडवून घेणे अधिक गरजेचे असते.

काढलेल्या ग्रंथीच्या तपासणीत कर्करोग एका ठिकाणी आवरणाबाहेर थोडा पसरलेला आढळला, म्हणजे टप्पा पीटी३ए. कापलेल्या कडांवर कर्करोग नव्हता. काढलेल्या १४ लसिका ग्रंथींपैकी एकीतही रोग नव्हता. आठव्या आठवड्यात पीएसए ०.०३ पेक्षा कमी आले आणि दोन वर्षांनंतरही ते मोजता येण्याच्या पातळीखालीच आहे. बरगडीचा पुन्हा स्कॅन केलेला नाही, कारण या पीएसए पातळीला केलेल्या स्कॅनमधून खऱ्या प्रसारापेक्षा नवा निरर्थक ठिपका सापडण्याचीच शक्यता जास्त.

कोणत्या परिस्थितीत निर्णय वेगळा झाला असता

हे प्रकरण वाचून बरगडीतला प्रत्येक ठिपका सोडून द्यावा असे कोणी मानू नये. याच पुरुषाचे पीएसए ६० असते, बायोप्सीत आयएसयूपी ५ आला असता आणि बरगडीबरोबर माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतही उठाव दिसला असता, तर तो संशय गंभीरपणे घेऊन एमआरआय आणि बायोप्सीपर्यंत जाणे भाग होते. ठिपक्याच्या जागी सीटीवर हाड खाल्लेले किंवा नव्याने घट्ट झालेले दिसते तेव्हाही ट्रेसरच्या मर्यादेचे कारण पुढे करून चालत नाही. अनेक ठिपक्यांपैकी एकाचीच बायोप्सी करायची असेल, तर बरगडीऐवजी ओटीपोटाच्या हाडातील ठिपका निवडावा, कारण तेथे सुई पोहोचवणे सुरक्षित असते आणि नमुनाही पुरेसा मिळतो. त्या नमुन्यावर पुढे जनुकीय तपासणी करायची असल्यास हाड मऊ करण्यासाठी वापरले जाणारे आम्ल डीएनए खराब करू शकते, हे पॅथॉलॉजिस्टला आधी कळवावे लागते.

या रुग्णाची पीएसए तपासणी आता दर सहा महिन्यांनी होते. शस्त्रक्रियेनंतर पीएसए ०.२ वर जाऊन पुढच्या तपासणीतही वाढलेलेच राहिले तर पीएसएमए पेट पुन्हा केली जाईल, शक्यतो त्याच ट्रेसरने, आणि तेव्हा बरगडीची तुलना पहिल्या स्कॅनशी होईल. पीएसए वाढत असूनही तो ठिपका जसाच्या तसा राहिला असेल तर वाढीचे कारण अन्यत्र, बहुधा ओटीपोटात, शोधावे लागेल. त्यासाठी पहिल्या स्कॅनचा अहवाल पुरेसा नाही, मूळ चित्रे लागतात, म्हणून त्या चित्रांची डिस्क रुग्णाकडे दिली आहे आणि तिच्याबरोबर ट्रेसरचे नाव, यंत्राचा प्रकार व बरगडीच्या ठिपक्याची जागा लिहिलेले एक पानही जोडले आहे.